रयोकानमध्ये एक रात्र: सासूबाई, नऊ वर्षांचा मुलगा आणि शाकाहारी जेवण

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोव्हेंबरच्या मध्यावर चौघे जण जपानला चालले आहेत: नवरा-बायको, नऊ वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे, गुडघेही दुखतात. चौघंही शाकाहारी, अंडं-दूध चालतं. एक रात्र रयोकानमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या पारंपरिक जपानी निवासात काढायची आहे. मनात किनोसाकी हे गरम झऱ्यांचं गाव आहे. विचारलंय ते तीन गोष्टींबद्दल: स्विमिंग कॉस्च्यूम चालतो का, जेवणाचं काय, आणि सासूबाईंना पाण्यात उतरता येईल का.

रयोकानमध्ये जे बिघडतं ते बहुतेक वेळा तिथे पोचण्याआधीच बिघडलेलं असतं. हॉटेलात खोली मिळते आणि बाकीचं तुमचं तुम्ही बघता. इथे मात्र संध्याकाळ त्या घराच्या घड्याळावर चालते. तीन वाजता दार उघडतं, सहा-साडेसहाला जेवण, तुम्ही जेवत असताना खोलीत गाद्या घातल्या जातात, सकाळी आठच्या आत न्याहारी, दहाला खोली रिकामी. जेवण नेमक्या माणसांसाठी नेमकं आणलेलं असतं, त्यामुळे ऐन वेळी सांगितलेली गोष्ट त्यांना मनात असूनही करता येत नाही. म्हणून ज्या गोष्टी बुकिंगच्या वेळीच लिहून कळवायच्या, त्यांवर मी जास्त वेळ घालवणार आहे.

आधी जागेचं. किनोसाकी सुंदर आहे यात वादच नाही. गावात सात सार्वजनिक स्नानगृहं आहेत, गावात मुक्काम असला की त्यांचा पास मिळतो, आणि युकाता, म्हणजे पातळ सुती झगा घालून, लाकडी खडावांचा खटखट आवाज करत माणसं एकातून दुसऱ्यात जातात. पण किनोसाकीच्या बाजूच्या, जपान समुद्राच्या किनाऱ्यावर ६ नोव्हेंबरला खेकड्याचा हंगाम सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. त्या दिवसांत किनोसाकीला लोक खेकडा खायला येतात. दर चढतात, रात्रीचं जेवण सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेकड्याचं, आणि स्वयंपाकघर पूर्ण त्यातच गुंतलेलं. शाकाहारी चौघांनी ऐन नोव्हेंबरात तिथे जाऊन नव्वद टक्के न खाण्याच्या पदार्थांचे पैसे भरण्यात अर्थ नाही. किनोसाकी उन्हाळ्यासाठी राखून ठेवा, आणि तेव्हाही जेवणाचं आधी कळवूनच.

तुमच्या गरजा बघता तीन जागा सुचतात.

पहिली हाकोने, त्यातही युमोतो किंवा तोनोसावा. टोकियोच्या शिंजुकूहून ओदाक्यू कंपनीची रोमान्सकार गाडी साधारण दीड तासाच्या आत पोचवते. परदेशी पाहुण्यांची सवय असल्यामुळे शाकाहारी जेवण देणारी घरं इथे त्यातल्या त्यात सहज सापडतात. इथलं पाणी बरंचसं सौम्य, किंचित अल्कधर्मी, वास नसलेलं. सासूबाईंसाठी तेच हवं. वर ओवाकुदानी आणि सेंगोकुहाराच्या बाजूला पांढरट, आंबट, गंधकाचं पाणी मिळतं. त्याची मजा वेगळी, पण वय झालेल्या कोरड्या कातडीला ते झोंबू शकतं.

दुसरी बेप्पू, क्यूशू बेटावरची. तिथल्या कान्नावा भागात जमिनीतून वाफ सरळ वर येते आणि त्या वाफेवर अन्न शिजवायची जुनी पद्धत आहे. तिला ‘जिगोकु-मुशी’ म्हणजे नरकातली वाफ म्हणतात. काही जुन्या निवासांच्या अंगणात अशा वाफेच्या भट्ट्या आहेत आणि पाहुण्यांनी स्वतः बाजारहाट करून तिथे शिजवावं अशी रीत आहे. रताळं, मका, कोबी, भोपळा, अंडी टोपलीत ठेवायची, झाकण लावायचं, बस्स. वाफेत खनिजं असल्यामुळे मिठाची हलकी चव आपोआप उतरते. कशात माशाचा रस्सा असेल अशी भीती नाही. तुमचा प्रवास क्यूशूला जात असेल तर माझं मत डोळे मिटून याच्याच बाजूने.

तिसरी कोयासान, ओसाकाच्या दक्षिणेला सुमारे ८०० मीटर उंचीवर. नवव्या शतकात कूकाई या भिक्षूने वसवलेली ही मठांची वस्ती. सुमारे पन्नास मठांत राहण्याची सोय आहे आणि जेवण ‘शोजिन र्‍योरी’, म्हणजे भिक्षूंचं शाकाहारी अन्न. मांस-मासे तर नाहीतच, पारंपरिक पद्धतीत कांदा-लसूणही वर्ज्य. (जैन मंडळींनी मात्र लक्षात ठेवावं की कंदमुळं भरपूर असतात.) पण बहुतेक मठांतलं स्नान साध्या तापवलेल्या पाण्याचं असतं, झऱ्याचं नव्हे. फुकुची-इन मठात झऱ्याचं पाणी आहे. नोव्हेंबरात तिथे चांगलीच थंडी असते आणि अनेक ठिकाणी संडास खोलीबाहेर असतो. सासूबाईंचा विचार करूनच ठरवा.

आता जेवण, कारण तक्रारी इथेच होतात.

जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे ‘दाशी’, आणि ती बहुतेक वेळा कात्सुओबुशीची, म्हणजे सुकवून धुरावलेल्या बोनिटो माशाच्या पातळ पापुद्र्यांची असते. नुसतं ‘मांस-मासे नको’ म्हटलं तर ताटातला मासा उचलला जातो, दाशी मात्र तशीच राहते: मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या) सूपमध्ये, शिजवलेल्या भाज्यांत, भज्यांबरोबरच्या पातळ चटणीत, अंड्याच्या वाफवलेल्या चावानमुशीत. न्याहारीत आणखी दोन ठिकाणी ती लपलेली असते. नात्तो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनबरोबर येणाऱ्या सॉसच्या चिमुकल्या पुडीत, आणि चव लावलेल्या नोरीत, म्हणजे समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात, जिच्यात बऱ्याचदा कोळंबीचा किंवा माशाचा अर्क असतो. दोन गुलाबी-पांढरे काप वाटीत दिसले तर ते कामाबोको, माशाचं.

म्हणून सांगताना दाशीचं नाव घ्यायचं आणि पर्यायही सोबत द्यायचा. ‘हे नको’ एवढ्यावर थांबलात तर आचारी अडतो. ‘हे नको, त्याऐवजी हे चालेल’ म्हटलं की त्याचं काम सुरू होतं. वाक्य असं: ‘नीकु तो साकाना वा ताबेरारेमासेन. कात्सुओ नो दाशी मो ताबेरारेमासेन. कोम्बु तो शीताके नो दाशी वा दाइजोबु देसु. तामागो तो ग्यून्यू मो दाइजोबु देसु.’ अर्थ: मांस-मासे खाता येत नाहीत, बोनिटोची दाशीही नाही, कोम्बु म्हणजे समुद्री शेवाळ आणि शीताके अळंबीची दाशी चालेल, अंडं-दूधही चालेल. हेच जपानी लिपीत करून बुकिंगच्या शेरा रकान्यात टाका, लेखी ‘हो’ येईपर्यंत बुकिंग पक्कं धरू नका, आणि येण्याच्या आठवडाभर आधी एकदा आठवण द्या. ‘अ‍ॅलर्जी आहे’ असं खोटं मात्र सांगू नका. अ‍ॅलर्जी म्हटलं की भांडी, तेल, चिमटे सगळंच वेगळं ठेवण्याची जबाबदारी येते आणि छोटं घर सरळ नकार देतं.

नकार आला तर वाईट वाटून घेऊ नका. तो प्रामाणिकपणा आहे. अशा वेळी फक्त न्याहारीसह किंवा ‘सु-दोमारी’, म्हणजे बिनजेवणाचा दर विचारा. मात्र ऑनसेन, म्हणजे गरम झऱ्यांच्या गावांत रात्रीची उपाहारगृहं लवकर बंद होतात. जेवण बाहेर करायचं असेल तर कुठे, ते दिवसाउजेडीच ठरवा. बरोबर मेतकुटाची पुडी आणि एखादी कोरडी चटणी ठेवाच. तिथला वाफाळता, चिकट भात अमाप मिळतो आणि मेतकूट त्याच्यावर फार छान लागतं. जेवण खोलीत येणार असेल तर काही अडचण नाही. सामाईक जेवणघरात बसायचं असेल तर पुडी काढण्यापूर्वी विचारा.

दर खोलीचा नसतो, माणशी असतो, आणि त्यात बहुधा रात्रीचं जेवण व न्याहारी धरलेली असते. मध्यम प्रतीच्या घरात माणशी १५,००० ते ३०,००० येन धरून चाला. शनिवार आणि सुट्टीची आदली रात्र महाग. एका खोलीत माणसं वाढली की माणशी दर उतरतो. मुलांचा दर जेवण आणि गादी यांवर ठरतो. प्राथमिक शाळेच्या वयाला साधारणपणे मोठ्यांच्या ७० टक्के लागतात, म्हणून मुलाचं वय बरोबर लिहा. ‘न्यूतो-झेई’ हा स्नानकर वेगळा. तो सहसा मोठ्या माणसाला १५० येन, बऱ्याचदा जागेवर रोख. लहान घरांत कार्ड चालेलच असं नाही. सगळ्यांचे पासपोर्ट जवळ ठेवा, त्यांची प्रत घेतली जाते.

खोली निवडताना ‘वा-यो-शित्सु’ मागा. यात तातामीच्या चटयांबरोबर दोन पलंगही असतात. तातामीची एक चटई अंदाजे १८० बाय ९० सेंटीमीटर. दहा चटयांच्या खोलीत चार गाद्या बसतात, पण जमिनीवरून उठताना गुडघ्यांचे हाल होतात. आपल्या घरात पाटावर बसायची सवय असलेल्यांनाही दीड-दोन तासांचं जेवण मांडी घालून जड जातं, म्हणून सासूबाईंसाठी उंच खुर्ची आणि टेबलही आधीच लिहून मागा. संडास खोलीत आहे ना आणि लिफ्ट आहे ना, हे दोन्ही विचारा. जुन्या लाकडी घरांत लिफ्ट नसणं अगदी नेहमीचं. मोठ्या बॅगा तिथे नेऊच नका. ‘ताक्युबिन’ सेवेने आधीच्या हॉटेलातून पुढच्या हॉटेलात पाठवून द्या, बहुतेक ठिकाणी दुसऱ्या दिवशी पोचतात. तातामीवर चाकांची बॅग ओढली की गवत फाटतं.

कपड्यांचं. सामाईक कुंडात अंगावर काहीही चालत नाही, कॉस्च्यूमही नाही. वज्रेश्वरीला किंवा राजापूरच्या उन्हाळ्यावर (गरम झऱ्यावर) आपण कपड्यांसकट उतरतो, म्हणून हे पहिल्यांदा विचित्र वाटतं. तिथला हिशेब असा की कुंड धुण्यासाठी नाही, आधी स्वच्छ धुतलेलं अंग शेकण्यासाठी आहे. पाणी सगळ्यांचं एकच, आणि कापडातून साबण, रंग, घाम पाण्यात उतरतो. पुरुष-बायकांची कुंडं वेगळी असतात. मुलगा नऊ वर्षांचा, म्हणजे बाबांबरोबर जाईल. पूर्वी दहा वर्षांपर्यंतची मुलं आईबरोबर चालत. २०२० साली जपानच्या आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक वय सातवर आणलं, प्रत्यक्ष नियम स्थानिक असतात.

सामाईक स्नान नकोच असेल तर दोन वाटा. ‘काशिकिरी-बुरो’, म्हणजे चाळीस-पन्नास मिनिटांसाठी आतून कडी लावून घ्यायचं कुंड. कुठे फुकट, कुठे पैसे देऊन. वेळा बहुतेक ठिकाणी आल्याआल्या वाटल्या जातात, त्यामुळे तीनला पोचणाऱ्याला सहाच्या आधीची चांगली वेळ मिळते आणि सहाला पोचणाऱ्याला उरलेली. दुसरी वाट, खोलीलाच जोडलेलं उघडं कुंड. महाग पडतं, पण तुमच्या बाबतीत मी पैसे इथेच घालीन: सून आणि सासू एका वेळी, बापलेक दुसऱ्या वेळी, घाई नाही, परक्या नजरा नाहीत, आणि सासूबाईंजवळ सतत कुणीतरी आहे. गोंदण असेल तरी हाच मार्ग सोपा, कारण पुष्कळ सामाईक कुंडांत गोंदण चालत नाही.

आता प्रत्यक्ष स्नान. दारात जोडे काढा, पुढे चपला. तातामीवर त्याही नाहीत, आणि संडासातल्या चपला संडासातच राहतात. त्या घालून बाहेर येणं ही सगळ्यांत नेहमीची चूक. युकाता घालताना डावा पदर उजव्यावर. उलटं फक्त मृतदेहाला घालतात. आल्यावर खोलीत चहा आणि एखादी गोड वडी मिळते. ती खा. रिकाम्या पोटी गरम पाण्यात उतरलं की घेरी येते, त्यावरचा हा उपाय आहे.

स्नानघराच्या दारावर कापडी पडदा असतो, बहुधा पुरुषांचा निळा, बायकांचा लाल. पुष्कळ घरांत रात्रीतून हे पडदे अदलाबदल करतात, म्हणजे दोन्ही कुंडं सगळ्यांना मिळतात. काल गेलात त्या दाराने सकाळी सवयीने शिरू नका, पडदा बघा. आत टोपलीत सगळे कपडे ठेवायचे आणि छोटा टॉवेल तेवढा बरोबर न्यायचा. मोबाईल इथे काढायचाच नाही. मंगळसूत्र, पैंजण, जोडवी, अंगठ्या खोलीतल्या तिजोरीत. गंधकाच्या पाण्यात चांदी काही मिनिटांत काळी पडते आणि सोन्यातलं तांबं-चांदीही डाग धरतं.

आत भिंतीलगत बुटकी स्टुलं, बादलीवजा घमेली आणि हातातले शॉवर. बसून धुवायचं. उभ्याने शॉवर घेतला की शिंतोडे शेजाऱ्यावर जातात. बाटल्यांवर जपानी लिहिलेलं असतं, पण हाताला कळतं: बऱ्याचदा शॅम्पूच्या बाटलीच्या कडेला बारीक खाचा असतात आणि कंडिशनरची बाटली गुळगुळीत असते. केस, अंग, पाय नीट धुऊन साबणाचा मागमूस राहणार नाही असं पाणी घ्या, स्टूलही धुऊन ठेवा. लांब केस वर बांधा. मग घमेल्याने कुंडातलं पाणी आधी पायांवर, मग मांड्या, हात, खांदे, असं आठ-दहा वेळा ओता. याला ‘काके-यु’ म्हणतात. अंगाला उष्णतेची सवय होते, रक्तदाबाचा झटका टळतो. ही पायरी गाळू नका. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर किंवा काठावर. पोहणं नाही, उड्या नाहीत. मुलाला हे आधी खोलीतच सांगून ठेवा. बाहेर येताना कपड्यांच्या खोलीत शिरण्यापूर्वी त्याच टॉवेलने अंग टिपा, म्हणजे पुढच्याचे पाय ओले होत नाहीत.

पाणी ४० ते ४२ अंश सेल्सियस असतं. आपल्या घरातला जुना पाऱ्याचा थर्मामीटर १०८ फॅरनहाइटला संपायचा, तो म्हणजे ४२ अंश. यावरून अंदाज करा. पहिल्यांदा तीन ते पाच मिनिटं, बाहेर काठावर बसून श्वास, पुन्हा पाच मिनिटं, बस्स. दिवसात दोनदा, फार तर तीनदा. जास्त हौस केली की ‘यु-आतारी’ होते: मळमळ, डोकं जड, रात्री झोप नाही.

सासूबाईंबद्दल. जाण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना ‘४० अंशाचं पाणी, पाच मिनिटं’ असं नेमकं विचारा. रक्तदाब गोळीने आटोक्यात असेल तर बहुधा हरकत नसते, पण हृदयाचा गंभीर त्रास असेल किंवा ताप असेल तर उतरायचंच नाही. अति गरम पाण्यात उतरताना दाब एकदम चढतो आणि बाहेर पडताना एकदम पडतो. पडण्याचे अपघात बाहेर पडतानाच होतात. म्हणून छातीपर्यंतच पाणी, उठताना कठडा धरून आधी काठावर मिनिटभर बसणं, आणि सोबत सून. अल्कधर्मी पाण्याने फरशी बुळबुळीत होते, तिथे विशेष जपा. उघड्यावरचं कुंड दुपारी किंवा संध्याकाळी. नोव्हेंबरात पहाटेच्या गारठ्यातून गरम पाण्यात आणि पुन्हा गारठ्यात जाणं त्यांनी टाळावं. जेवल्यावर तासभर नाही, साके-बिअर घेतल्यावर कुणीच नाही. आधी आणि नंतर एकेक पेला पाणी. गुडघ्यांना मात्र याने खरंच आराम पडतो.

पाळी चालू असेल तर सामाईक कुंडात उतरू नये. गर्भवती स्त्रियांना पूर्वी मनाईच्या यादीत धरत. २०१४ साली पर्यावरण मंत्रालयाने ती नोंद काढून टाकली.

पाण्याविषयी एक खुलासा. १९४८ च्या कायद्याप्रमाणे झऱ्याचं पाणी २५ अंश किंवा त्याहून गरम असलं, किंवा ठरवलेल्या १९ घटकांपैकी एक पुरेशा प्रमाणात असला, तरी त्याला ऑनसेन म्हणता येतं. म्हणजे पाटी खरी असूनही पाणी तापवलेलं, गाळून फिरवलेलं असू शकतं. झऱ्याचं पाणी सतत येऊन काठावरून वाहून जाणारं कुंड हवं असेल तर ‘गेनसेन काकेनागाशी’ हे शब्द शोधा. कपडे काढायच्या खोलीत पाण्याच्या पृथक्करणाचा तक्ता लावलेला असतो. सामू (pH) तीनच्या खाली असेल, जसा कुसात्सू या गरम झऱ्यांच्या गावी साधारण दोन असतो, तर डोळ्यांना पाणी लावू नका, आणि कातडी नाजूक असेल तर शेवटी साधं पाणी घ्या. सौम्य पाणी मात्र धुऊन टाकू नका, नुसतं टिपा.

उशीर होणार असेल तर दुपारीच फोन करा. सहानंतर न कळवता पोचलात तर जेवण रद्दही होऊ शकतं. बक्षिसी द्यायची नसते. आणि खोलीची किल्ली बऱ्याचदा एकच, लाकडी ठोकळ्याला बांधलेली असते. बापलेक एका कुंडात, सासू-सून दुसऱ्या कुंडात गेल्या की ज्यांच्याकडे किल्ली नाही त्या ओल्या केसांनी गार बोळात ताटकळतात. आल्याआल्या दुसरी किल्ली मागून घ्या. नसेल तर ती सासूबाईंबरोबर जाणाऱ्याकडेच ठेवा.